घरी शिवलेला लिननचा जंपसूट : नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावर

फेब्रुवारीच्या शेवटी शिवायला घेतलेला जंपसूट आज ऑक्टोबरात दोरीवर वाळतोय. मधल्या काळात तो चाळीसेक वेळा अंगात घातला आणि जवळपास तितक्याच वेळा धुतला. म्हणून आता त्याच्याबद्दल खात्रीनं लिहिता येईल.

आधी कापड. एका दुकानातून ‘प्युअर’ म्हणून अर्धा मीटर नमुना आणला होता. घरी त्याचा धागा जाळून पाहिला, तर टोकाला कडक मणी धरला. म्हणजे पॉलिस्टरची भेसळ. (व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, मात्र लिननसारखंच कागदाच्या वासानं जळतं, त्यामुळे ही परीक्षा पॉलिस्टर पकडण्यापुरतीच.) मग गांधीबागेत दुसरीकडून ५८ इंच पन्ह्याचं, ८५० रुपये मीटरचं शेवाळी रंगाचं कापड सव्वातीन मीटर घेतलं. शर्टासाठी ६० लीचं लिनन सर्रास मिळतं. ली म्हणजे सुताचा नंबर. तो जितका मोठा तितकं सूत बारीक. जंपसूटमध्ये वरचा भाग आणि पायजमा एकाच कापडाचा, एकमेकांना जोडलेला असतो आणि बसायच्या जागी ताण येतो, म्हणून मी ४० लीचं निवडलं. ही निवड बरोबर ठरली.

कापड रात्रभर भिजवलं, दोनदा धुतलं, वाळवलं आणि मगच कापलं. लांबीत जवळपास पंधरा सेंटिमीटर आटलं. न धुता शिवला असता तर पहिल्याच धुण्यात पाय घोट्याच्या वर गेले असते.

आता मुख्य गोष्ट, आसन, म्हणजे दोन्ही पाय वर जिथं जुळतात ती जागा. सलवार-कुर्त्यात आसन थोडं चुकलं तरी निभावतं, कारण वरचा कपडा वेगळा असतो. जंपसूट खांद्यावरून लटकतो आणि आसनाखालून परत खांद्यावर जातो. आपण वाकलो, की हा सगळा घेर एकदम ताणला जातो. लिननला तर लवचिकपणा जवळजवळ नाहीच. मी मांजरपाटाचा नमुना शिवून आईला दाखवला. तिनं न पाहताच सांगितलं, “उभ्यानं माप घेऊ नको, बसून पाह्य आधी.” खांद्यापासून आसनाखालून परत त्याच खांद्यापर्यंत उभ्यानं ५८ इंच भरत होते. स्टुलावर बसून पुढं वाकले तेव्हा साडेसाठ. अडीच इंचांचा फरक! पण उभं राहिल्यावर आसन लोंबतंय असं वाटलं, म्हणून मी दीडच इंच वाढवला.

त्याची किंमत मे महिन्यात कळली. खालच्या कप्प्यातला डबा काढायला उकिडवी बसले आणि मागून करकर आवाज आला. कापड फाटलं नव्हतं. शिवणीलगतचे उभे-आडवे धागे सरकून तिथं जाळी दिसत होती. लिननचं हे दुखणं ताण पडणाऱ्या शिवणीवर उमटतं. बाकी सगळीकडे मी फ्रेंच शिलाई घातली होती, म्हणजे कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून पहिली शिलाई, मग उलटवून दुसरी, म्हणजे सुटे काठ आत बंद होतात. आईचं पायमशीन फक्त सरळ शिलाई करतं आणि लिननचे धागे फार निसटतात, म्हणून हा उपाय. बाजूच्या शिवणींतून इतक्या धुण्यांत एक धागा बाहेर आलेला नाही. आसनाच्या गोलाईवर फ्रेंच शिलाई नीट बसत नव्हती, तेवढीच जागा बाहेरून ओव्हरलॉक (सुट्या काठाभोवती धागा गुंफणारी मशीनची शिलाई) करून आणली. नेमकी तीच गेली.

दुरुस्ती शक्य झाली, कारण कंबरेच्या शिवणीत वर आणि खाली एकेक इंच मार्जिन ठेवलं होतं. त्यातला अर्धा-अर्धा इंच सोडला. पुढं एक आणि मागं एक मिळून घेर दोन इंचांनी वाढला. आसनाला पाव इंच आत नवी शिवण घातली, तिच्यावर सुती पट्टी धरून दुहेरी टीप मारली. त्यानंतर पाच महिने काही झालेलं नाही, आणि उभ्यानं दिसणारी ती थोडी ढिलाई कुणाच्या नजरेतही आलेली नाही. तुम्ही शिवणार असाल तर हे मार्जिन ठेवाच.

कपडा म्हणून तो कसा आहे? नागपुरात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा अंगाला चिकटणारं काहीच सहन होत नाही. लिनन हवेतला ओलावा सुती कापडापेक्षा जास्त धरतं (वजनाच्या साधारण बारा टक्के, सुती कापड साडेआठ) आणि ताठ असल्यानं अंगापासून थोडं सुटं राहतं. घाम पाठीवर साचत नाही. आमच्या घरी जवसाची चटणी नेहमी असते. लिनन त्याच जवसाच्या खोडातल्या तंतूंचं. विदर्भात पीक बियांसाठी घेतात. कापडासाठीचे उंच, कमी फांद्यांचे वाण फ्रान्स-बेल्जियमच्या थंड हवेत वाढतात. हे कळल्यापासून त्या कापडाबद्दल मला वेगळाच जिव्हाळा वाटतो.

बिनबाह्यांचा शिवला ही मात्र चूक. इथल्या उन्हात हात उघडे टाकून दुचाकीवर जाता येत नाही, रोज वरून ओढणी किंवा सुती शर्ट लागला. पायाचा घेरही २४ इंचांवरून १८ वर आणला, गाडीवर फडफडत होता.

समोर करवंटीची आठ बटणं आहेत आणि मागं कंबरेला इलॅस्टिक. उघडण बेंबीच्या खाली चार इंच नेल्यामुळे घालता-काढता येतो, पण स्वच्छतागृहात वरचा सगळा भाग उतरवावा लागतो. घरी, कामावर चालतं. रात्रीच्या रेल्वे प्रवासात मी तो दोनदा घातला. ओल्या फरशीपासून सगळं कापड हातात धरून सांभाळावं लागलं. प्रवासाला मी तो आता घालत नाही. काज हातानं केले होते. पेस्टिंग (आतून चिकटवायचं कडक अस्तर) न लावलेले दोन काज जुलैत उसवले, लावलेले सहा जसेच्या तसे आहेत.

चुरगळतो, होय. मी इस्त्री ओलसर असतानाच फिरवते आणि घडी दर वेळी वेगळ्या जागी घालते, कारण एकाच रेषेवर सतत दुमडलं की लिननचे तंतू तुटतात. पायाच्या दुमडीच्या कडेला आत्ताच फिकट रेघ आली आहे. गुडघ्याला दिवसअखेर फुगवटा येतो, धुतल्यावर बसतो. पावसाळ्यात तो घरात पंख्याखाली माझ्या सुती कपड्यांच्या आधी वाळायचा. मार्चमध्ये मानेला खरखरीत लागणारं कापड आता मऊ पडलंय.

दुसऱ्या जंपसूटसाठी खाकी कागदावर कापायचा नमुना तयार आहे. कोपरापर्यंत बाह्या आहेत, आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, वर घेतलाय, कारण मुंढा खाली असला तर हात उचलताना सगळा कपडा आसनासकट वर ओढला जातो. घेर बसून घेतलेल्या मापाचा, पूर्ण साडेसाठ, वर आणखी अर्धा इंच. कापड आज रात्री भिजत घालतेय.