४००० वॅटचा स्टिरिओ आणि चुंबक नसलेला वूफर

मुलुंडच्या एका निवृत्त गृहस्थांनी लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून ६२ हजारांचा स्टिरिओ घेतला. नाट्यसंगीत आणि जुनी भावगीतं नीट ऐकायची, एवढीच हौस. पंधरा दिवसांतच लक्षात आलं की डग्गा नुसता घुमतो आणि गाण्याचे शब्द कळत नाहीत. संच उघडल्यावर काय काय निघालं ते सविस्तर देतो, कारण असा माल अजूनही विकला जातोय.

दुकानात त्यांना स्पीकरच्या दोन जोड्या ऐकवल्या: छोटे बुकशेल्फ आणि उंच टॉवर. टॉवरच्या वेळी लाउडनेसचं (खालचे-वरचे सूर फुगवणारं) बटण दाबलेलं होतं, शिवाय आवाज किंचित चढवलेला. एखाद्या डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. निम्मी फसवणूक इथेच झाली. फोनवर डेसिबल मोजणारं ॲप असतं. त्याचा आकडा तंतोतंत नसला तरी तुलनेला पुरतो. एकाच जागी फोन धरून दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घ्या, बास-ट्रेबल मधोमध ठेवा आणि गाणं आपल्या ओळखीचं, गळ्याचं लावा. दुकानाची ठरलेली ढणढणती ट्रॅक नको.

ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर ४००० वॅट पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा) छापलेलं. या पीएमपीओला कसलंही प्रमाण नाही, वाटेल तो आकडा छापता येतो. मागच्या पट्टीवर मात्र लिहिलंय: २३० व्होल्ट, १२० वॅट. लाइनीतून १२० घेणारं यंत्र स्पीकरला ४००० देणार कुठून? या जातीच्या ॲम्पमध्ये त्यातले साधारण निम्मे ते साठ टक्के स्पीकरपर्यंत पोचतात, म्हणजे चॅनेलमागे (डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला) ३०-३५ वॅट आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी खरी ताकद. आणि खरं सांगायचं तर १० बाय १२ च्या खोलीला तेवढे भरपूर झाले. एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा साधा स्पीकर ३२ वॅटवर १०२ डेसिबलपर्यंत जातो. शेजारी दार वाजवतील. वॅटच्या आकड्याला भुलून जे जास्तीचे पैसे गेले, ते स्पीकरमध्ये जायला हवे होते, कारण आवाजाची जात मुख्यतः स्पीकर आणि खोली ठरवतात.

आता ते टॉवर. वरचा वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) ठीक होता. खालच्याचे चार स्क्रू काढल्यावर तो अलगद हातात आला, पुठ्ठ्याच्या थाळीसारखा हलका: प्लॅस्टिकची चौकट, कागदी कोन (शंकूसारखा पडदा), मागे चुंबक नाही, वायरही नाही. पॅसिव्ह रेडिएटर नावाचा खरा प्रकार असतो आणि त्यालाही चुंबक नसतं. पण त्याची कडा मऊ असते आणि बास वाजला की तो हलतो. इथे कोन कडेला गच्च चिकटवलेला होता, म्हणजे निव्वळ देखावा. दोन ट्वीटरपैकी (वरचे सूर वाजवणारे छोटे स्पीकर) एक म्हणजे चिकटवलेली प्लॅस्टिकची टोपी. क्रॉसओव्हरच्या (दोघांत सूर वाटून देणाऱ्या भागाच्या) नावाने ट्वीटरला एकच कॅपॅसिटर, वूफरला वरचे सूर अडवणारी कॉइल नाहीच. त्यामुळे वूफर वरचे सूरही वाजवायला बघतो, ते ट्वीटरच्या आवाजात मिसळतात आणि शब्द गढूळ होतात.

हे दुकानातच कळतं. जाळी काढायला लावा. वर्तमानपत्राची सुरळी कानाला धरून वाजत्या संचाच्या एकेका ड्रायव्हरजवळ (वूफर किंवा ट्वीटरजवळ) न्या, मुका ड्रायव्हर लगेच सापडतो. कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच दाबा. खरखर आली तर कोन हलवणारी आतली कॉइल घासतेय. जुना माल असेल तर कडेचा फोम आवर्जून बघा, मुंबईच्या दमट हवेत तो भुसभुशीत होऊन तुटतो. रबराची कडा टिकते.

वायर १२ मीटर, ४५० रुपये मीटरने, ‘शुद्ध तांबं’ म्हणून. ब्लेडने एक तार खरवडली तर आत पांढरी निघाली: तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट. इलेक्ट्रिकच्या दुकानातली १.५ चौरस मिलिमीटरची खरी तांब्याची वायर घेतली तर ५ मीटर अंतराला, जाऊन-येऊन, रोध ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो कुठेच लागत नाही.

घुमण्याचा दोष मात्र सगळा दुकानदाराचा नाही. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर आपोआप फुगतो, आणि टॉवर कोपऱ्यात ठेवले होते. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढले आणि खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवली तसं घुमणं बरंच उतरलं. जाड पडद्याने टाळीचा खणखणाट कमी होतो, बास नाही.

पैसे परत मिळवताना खरी अडचण आली ती कागदाची. हातात होतं ते ‘अंदाजपत्रक’, जीएसटी क्रमांक नसलेलं, त्यावर फक्त ‘म्युझिक सिस्टिम १ नग’. पक्क्या बिलावर मॉडेल, ८ ओहमला चॅनेलमागे किती वॅट आरएमएस आणि वायर तांब्याची, हे शब्द लिहून घ्या. दुकानदार लिहायला कां-कूं करू लागला तर तिथूनच परत फिरा. कच्चं बिल घेऊन बसलेल्यांनी यूपीआयची नोंद, खोक्याचे आणि उघडलेल्या स्पीकरचे फोटो जपून ठेवावेत आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करावा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.