पाट्रिया सिक्स बाय सिक्स : लाटव्हियाची चिलखती गाडी, एका जुन्या बीएमपीवाल्याच्या नजरेतून

ही गाडी शोरूमात मिळत नाही, त्यामुळे मायलेज आणि ईएमआय विचारू नका. मी ती चालवलेलीही नाही. आत बसलो, खाली वाकून पाहिलं, मागून-पुढून निरखलं, आणि जो सैनिक ती दाखवायला उभा होता त्याला पोराच्या मदतीने भरपूर छळलं. ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, व्हेइकल मेकॅनिक म्हणून भरती झालो आणि नोकरीचा मोठा भाग बीएमपी-२ या रशियन बनावटीच्या, पायदळ नेणाऱ्या लढाऊ चिलखती गाडीच्या इंजिनाशी झटापट करण्यात गेला. आता पेन्शनवर नगरला असतो. मॅकॅनाइज्ड इन्फंट्रीचं, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळाचं, रेजिमेंटल सेंटर आमच्याच गावात, त्यामुळे निवृत्तीनंतरही या गाड्यांचा आवाज कानावरून गेलेला नाही. मुलगा नोकरीसाठी रिगाला आहे. त्याच्याकडे गेलो असताना १८ नोव्हेंबर आला, म्हणजे लाटव्हियाचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी डाउगावा नदीच्या काठच्या रस्त्यावर लष्कराची परेड असते. तिथे गाड्या धावताना पाहिल्या, आणि नंतर लोकांसाठी मांडून ठेवलेल्या होत्या तिथे आत शिरता आलं.

आधी गिऱ्हाईक कोण ते बघा. लाटव्हियाची लोकसंख्या १९ लाखांच्याही आत. पुणे शहरात याहून जास्त माणसं राहतात. पूर्वेला रशिया आणि बेलारूस, दोन्हींची सीमा लागून. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला तेव्हा या देशाकडे चिलखती गाड्या जवळजवळ नव्हत्याच. सरावापुरते तीन जुने टी-५५ रणगाडे होते. एवढ्याशा देशाने स्वतःची गाडी डिझाइन करायची म्हटलं तर ती येईपर्यंत नातवंडं भरती होतील. म्हणून त्यांनी त्याच वर्षी आपल्यासारखंच केलं, सेकंडहँड घेतली. ब्रिटनकडून सीव्हीआरटी नावाच्या १२३ हलक्या चिलखती गाड्या, साधारण ४.८ कोटी युरोंना.

ही सीव्हीआरटी परेडला समोरून गेली तेव्हा मला गंमत वाटली. सत्तरच्या दशकातली गाडी, फॉकलंडच्या लढाईत वापरलेली, अ‍ॅल्युमिनियमच्या चिलखताची, चाकांऐवजी ट्रॅकवर, म्हणजे रणगाड्यासारख्या साखळपट्ट्यांवर पळणारी, इतकी बुटकी की शेजारी उभ्या माणसाच्या खांद्याला टप लागेल असं वाटावं. आधी तिच्यात जॅग्वारचं पेट्रोल इंजिन असायचं. ब्रिटिशांनी ते पुढे काढून कमिन्सचं डिझेल बसवलं. कमिन्स म्हटल्यावर पुण्या-नगरकडच्या माणसाचे कान टवकारणारच. तो आवाज ओळखीचा लागला. लाटव्हियाला मिळाली ती ही डिझेलवाली. पण सैनिक नेणारी तिची आवृत्ती, स्पार्टन, तिच्यात मागे चार-पाचच माणसं मावतात. एक सेक्शन, म्हणजे आठ-दहा जवानांची तुकडी, न्यायची तर दोन गाड्या लागतात. आणि गाडी बनवणं बंद होऊन जमाना झालाय. पहिली काही वर्षं ठीक, पोरांना चिलखती गाडीची सवय लागते, ड्रायव्हर तयार होतात, वर्कशॉप उभं राहतं. पुढे मात्र एक गाडी चालवायला दुसरी उघडावी लागते. हे मी पाहिलेलं आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला तेव्हा आमच्याकडे साध्या साध्या पार्टसाठी गाड्या बंद पडून उभ्या राहिल्या होत्या. सारथ, म्हणजे आपली बीएमपी-२, मेडकला बनत होती म्हणून बरं, नाहीतर आणखी हाल झाले असते.

आता मूळ वस्तूकडे.

पाट्रिया ही फिनलंडची कंपनी. सिक्स बाय सिक्स म्हणजे सहा चाकं, सहाही ओढणारी. तिची आधीची पिढी ‘पासी’ नावाने ओळखली जाते. ऐंशीच्या दशकापासून नॉर्डिक देशांत आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत ती भरपूर फिरली. ही नवी गाडी २०१८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली. लाटव्हिया आणि फिनलंड यांनी २०१९ च्या शेवटी ठरवलं की गाडी एकत्र विकसित करायची, एकत्र घ्यायची. ऑगस्ट २०२१ मध्ये लाटव्हियाने दोनशेहून जास्त गाड्यांचा करार केला, सुमारे २० कोटी युरोंचा. गाडीमागे साधारण दहा लाख युरो पडले. आपल्या पैशांत नऊ-दहा कोटी. चिलखती गाड्यांच्या बाजारात हा भाव स्वस्त आहे, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पहिल्या गाड्या पोचल्यासुद्धा. लष्करी खरेदीत करार झाल्यावर दोन महिन्यांत वस्तू हातात, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

आत मागच्या बाजूने शिरलो. बीएमपीत ज्यांनी प्रवास केलाय त्यांना सांगायला नको: मधल्या टाकीला पाठ लावून, गुडघे हनुवटीला टेकवून बसायचं, आणि मागच्या दोन्ही दरवाजांतही डिझेल भरलेलं. पाठीशी डिझेल, समोर डिझेल, आणि वर सुभेदारसाहेबांची शिवी. इथे माणसं एकमेकांसमोर तोंड करून बसतात, मध्ये पाय ठेवायला जागा आहे, पिठू, म्हणजे पाठीवरची पिशवी, ठेवायला जागा आहे. क्रू धरून बारा-तेरा जण. माझ्यासारखा गुडघे गेलेला म्हातारा कुणाचा हात न धरता आत चढला आणि उतरला. जवानाने छातीवर प्लेट, पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन हेच करायचं असतं, तेव्हा हा मुद्दा माझ्या लेखी तोफेच्या कॅलिबरइतकाच मोठा आहे. ड्रायव्हर आणि कमांडर पुढे बसतात, ट्रकसारख्या काचेतून बघत. काच अर्थातच गोळी अडवणारी. बीएमपीचा ड्रायव्हर हॅच बंद केल्यावर पेरिस्कोपच्या फटीतून जग बघतो. शहरातल्या गर्दीत ही नवी गाडी हाकणं किती सोपं जात असेल, ते मला पटकन कळलं.

इंजिन स्कॅनियाचं. पाच सिलिंडरचं डिझेल, २९४ किलोवॅट, म्हणजे ४०० हॉर्सपॉवर. शिवनेरीने मुंबई-पुणे केलेल्यांना हे नाव बसच्या पाठीवर वाचलेलं आठवेल. याच घराण्यातली नऊ लिटरची इंजिनं ट्रकमध्ये, बसमध्ये चालतात. गिअरबॉक्स झेडएफचा. माझ्यासाठी सगळ्या रिव्ह्यूतली महत्त्वाची गोष्ट ही आहे. बीएमपीचं इंजिन फक्त बीएमपीसाठी जन्मलेलं. त्याचा पार्ट हवा तर डेपोला मागणी लिहा आणि वाट बघा. स्कॅनियाचा मेकॅनिक युरोपच्या कुठल्याही मोठ्या गावात सापडतो. युद्धात कारखान्यावर बॉम्ब पडला तरी ट्रकच्या वर्कशॉपमधला माणूस या इंजिनापुढे गोंधळून उभा राहणार नाही.

बाकी आकडे पटकन: पूर्ण भरलेलं वजन २४ टनांपर्यंत, त्यात साडेआठ टन माल, वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर, एका टाकीत ७०० किलोमीटर. सगळ्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. गोळ्या आणि सुरुंगापासूनचं संरक्षण लागेल तसं वाढवता येतं, फक्त मग वजन वाढतं आणि माल कमी होतो. ते सगळ्याच गाड्यांचं असतं.

चाकं हवीत की ट्रॅक, यावर मॅकॅनाइज्डवाले रात्रभर भांडू शकतात. इथला हिशेब सोपा आहे. मुख्य तळ आदाझीला, रिगाच्या बाहेर. तिथेच २०१७ पासून कॅनडाच्या नेतृत्वाखाली नाटोची तुकडी बसलेली आहे. रिगापासून पूर्वेकडचं डाउगाव्पिल्स सव्वादोनशे किलोमीटर. ट्रॅकवाली गाडी एवढी लांब डांबरी रस्त्याने नेली तर ट्रॅकच्या रबर पॅडचा चुरा होतो, म्हणून ती ट्रेलरवर चढवा, उतरवा, ट्रेलर शोधा. पाट्रिया सकाळी निघाली की जेवणाच्या वेळेआधी तिथे. पण पूर्वेकडे जंगल आणि दलदल आहे, आणि एप्रिलात बर्फ वितळलं की रानवाटांचा लगदा होतो. त्या चिखलात २४ टन सहा चाकांवर काय करतील याबद्दल माझ्या मनात शंका आहे. मी त्या सैनिकाला विचारलं. तो म्हणाला, फिनलंडमध्येही चिखल असतो. उत्तर बरं होतं. पोरगा माझ्या कानात म्हणाला, “बाबा, आता त्याला सोडा.”

सोडला नाही. स्पेअर यायला किती दिवस लागतात, हे विचारलं. तो नुसता हसला. बरोबरच आहे, परदेशी म्हाताऱ्याला तो असलं कशाला सांगेल? पण त्या प्रश्नाचं उत्तर करारात लपलेलं आहे. वाल्मिएरा नावाच्या गावात पाट्रियाने युनिट्रक या लाटव्हियन कंपनीबरोबर मिळून डिफेन्स पार्टनरशिप लाटव्हिया उभी केली. गाड्यांचं उत्पादन तिथे होतं. गाडी जोडणारा माणूस तीच गाडी नंतर उघडणार, आणि तो गावातलाच असणार. शिवाय भागीदारी वाढतेय. स्वीडनने २०२४ मध्ये ३२१ गाड्या मागवल्या, डेन्मार्कने २०२५ मध्ये १२९. जर्मनी या भागीदारीत २०२३ मध्ये आला, नॉर्वे आणि ब्रिटन २०२५ मध्ये. एवढे देश एकच गाडी चालवत असतील तर तिचा ऑइल फिल्टर पुढची तीस वर्षं कुणी ना कुणी बनवत राहणार. दोनशे गाड्यांच्या मालकाला एकट्याने ही खात्री कधीच मिळाली नसती. मी स्टार देणारा असतो तर एक अख्खा स्टार फक्त यासाठी दिला असता.

आता कुरकुर.

पहिली, हत्यार. ही सैनिकांना सुखरूप पोचवणारी गाडी आहे. वर मशीनगन असते, बीएमपीसारखी ३० मिलिमीटरची तोफ आणि क्षेपणास्त्र नाही. समोर बीएमपी आली तर हिने झाडीत शिरावं. लाटव्हियालाही हे माहीत आहे, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी आस्कोड नावाच्या ट्रॅकवाल्या लढाऊ गाड्यांचा करार केला: ४२ गाड्या, सुमारे ३७.३ कोटी युरो. भागून बघा, एका आस्कोडच्या पैशात आठ-नऊ पाट्रिया. तोफेचा बुरूज आणि त्यातले डोळे-कान महाग असतात, त्यामुळे भावाबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की त्यांच्या वर्कशॉपमध्ये आता जुनी ब्रिटिश सीव्हीआरटी, फिनिश पाट्रिया आणि तिसरी आस्कोड. तीन प्रकारचे स्पेअर, तीन कोर्स, तीन कपाटं. शिवाय २०१७ मध्ये ऑस्ट्रियाकडून घेतलेल्या जुन्या एम-१०९ तोफा आहेतच. स्टोअरकीपरची दया येते.

दुसरी कुरकुर शेजाऱ्यांची. इस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया हे तीन भाऊ एका रांगेत, शत्रू एकच. लिथुआनियाने २०१६ मध्ये बॉक्सर ही जर्मन चिलखती गाडी घेतली, तोफेचा इस्रायली बुरूज लावून. इस्टोनियाने त्याआधी नेदरलँड्सकडून ४४ वापरलेल्या सीव्ही-९० लढाऊ गाड्या घेतल्या होत्या. २०२० मध्ये तो पाट्रियाच्या संयुक्त कामात आलाही होता, मग बाहेर पडला आणि २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या ओटोकार आणि नुरोल या कंपन्यांकडे गेला. प्रत्येकाची कारणं असतील. पण उद्या इस्टोनियाची गाडी लाटव्हियाच्या हद्दीत बंद पडली तर वाल्मिएराचा मेकॅनिक तिला फक्त ओढू शकेल. भागीदारी डेन्मार्कशी जमली आणि शेजारच्या घराशी नाही, हे मला खटकलं.

तिसरी कुरकुर नाही, पण नोंद हवी: आपल्या ताफ्यातून ४२ पाट्रिया लाटव्हियाने युक्रेनला द्यायचं ठरवलं. जिचा कारखाना घरात आहे तीच गाडी देणं परवडतं. परेडच्या बाहेर तिची खरी परीक्षा आता तिकडे होईल, आणि माझ्या चिखलाच्या प्रश्नाचं उत्तरही तिकडूनच येईल.

नगरकरांना हे सगळं दूरचं वाटत असेल तर सांगतो, आपल्या गावातूनही अशी एक गाडी बाहेर गेली आहे. डीआरडीओच्या इथल्या व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेने टाटांबरोबर व्हॅप नावाची आठ चाकांची चिलखती गाडी बनवली. मोरोक्कोने ती घेतली, आणि टाटांनी तिकडे बेरेशिदला कारखानाच काढला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पद्धत वाल्मिएराचीच, फक्त विकणाऱ्याच्या खुर्चीत आपण. तिथल्या वर्कशॉपमध्ये पाच वर्षांनी कुणी जाऊन आलं तर मला नक्की कळवा.

माझा निकाल: लाटव्हियासारख्या लहान सैन्याने आधी सेकंडहँडवर हात साफ करावा आणि मग अशी साधी, ट्रकच्या रक्ताची, बऱ्याच देशांत मिळणारी गाडी घ्यावी, हे बरोबर झालं. पाचात चार स्टार. अर्धा तोफेसाठी कापला, अर्धा इस्टोनियासाठी.

बघायची असेल तर १८ नोव्हेंबरला रिगात डाउगावाच्या काठावर लवकर जागा धरा, लहान मुलं बाप्यांच्या खांद्यावर असतात आणि मागच्याला काही दिसत नाही. वारा हाडात शिरतो. कानटोपी आणि थर्मासमध्ये चहा न्या. रिगाला जाणं जमणार नसेल तर नगरला रणगाडा संग्रहालय आहे. तिथल्या गाड्या जुन्या आहेत, पण पोरांना जवळून दाखवता येतात. दुपारी पत्रे तापतात, म्हणून सकाळीच जा.