जुनी एमएम ५४० जीप, बजेट तीन लाखाच्या आत: दोन पावसाळे चिखलात वापरून

पहिलेच सांगून देतो, म्हणजे ज्याला पूर्ण वाचायचा टाईम नाही त्याचं काम होऊन जाईल. जुनी महिंद्रा एमएम ५४० घेतली, तिचं खालचं सगळं काम करून घेतलं, आणि मजुरी धरून २ लाख ८५ हजारात डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर) उभी झाली. ऑक्टोबरात संत्र्याचे कॅरेट भरून ती आमच्या पांदणीतून (वावराच्या कच्च्या रस्त्यातून) निघते. पण भर पावसात काळ्या वावरात फिरवायची असं डोक्यात असेल तर भाऊ घेऊच नका, का ते खाली येतेच.

आमचं वावर वरुड तालुक्यात, डांबरी रोडपासून दीडेक किलोमीटर आत, मधात एक नाला. संत्र्याचा आंबिया बहार तोडायला येतो तेव्हाच परतीचा पाऊस येते, हे दरवर्षीचं आहे. भाड्याचा पिकअप रोडवरच उभा राहायचा, ड्रायव्हर पांदण पाहूनच मान हलवायचा, मग बंडीने नाहीतर मजुरांच्या डोक्यावरून माल बाहेर. ट्रॅक्टर आहे पण तो आम्हा तिघा भावांत एक, ज्या दिवशी मला पाहिजे त्याच दिवशी तो दुसऱ्याच्या वावरात. नवीन थार पाहिली होती, दहा लाखाच्या वरचा भाव ऐकून चहा पिऊन परत आलो. तर मग जुनं काहीतरी.

५४० च का? एक म्हणजे हिचं इंजिन साधं. एक्सडीपी ४.९०, मूळ डिझाईन प्यूजोचं, २११२ सीसी. नावातच त्याची कुंडली आहे, ४ सिलेंडर आणि ९० एमएमचा बोर (सिलेंडरची आतली रुंदी). ना सेन्सर ना ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), डिझेल आणि हवा मिळाली की चालते. दुसरं म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे अख्खा एक्सल आणि खाली पाटे (लीफ स्प्रिंग), जे आमच्या इथला कोणताही मिस्त्री डोळे मिटून खोलते. आणि तिसरं, लो गिअर. ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या डब्यातला) लो टाकला की जोर जवळपास अडीच पट होते, गाडी माणसाच्या चालीनं चालते आणि अ‍ॅक्सिलेटरवर पाय न ठेवता नाल्याचा काठ चढून जाते. डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनची जीप पण पाहिली होती, ते २५२३ सीसीचं, खालून ओढते, हिटर प्लगची (थंड इंजिन चालू करायला आतून गरम करणारे) कटकट नाही, खरं सांगायचं तर ओझ्यासाठी तेच बरं. पण तशी जीप बजेटमध्ये भेटली ती दोनच चाकांना जोर देणारी, आणि जी फोर बाय फोर होती तिचा इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळत नव्हता. हे नक्की पाहा बरं का. जुन्या जीपांत इंजिन बदलणं लय कॉमन आहे, आणि बुकावर त्याची नोंद नसेल तर पुढच्या पासिंगला गाडी घरीच शोभेला राहते.

मला भेटली ती १,४५,००० ला, पासिंग जिवंत, रंग उडालेला, हूड फाटलेला. विकणारा म्हणे, "इंजिन एक नंबर आहे, फक्त बॅटरी बसली." आता ज्या ज्या जुन्या गाडीचं काही बिघडलं असते तिची बॅटरीच बसलेली असते हे मला नंतर समजलं. सकाळी थंडीत चालू करायला हिटर दोनदा-तीनदा द्यावा लागे आणि मग जो पांढरा धूर निघे, शेजारची काकू वाळवणाचे कपडे काढून घे. दोन हिटर प्लग मेलेले होते आणि नोझल टपकत होते. पंप आणि नोझलचं कॅलिब्रेशन, चार नवीन प्लग, १४ हजार. इंजिन खोललंच नाही. मिस्त्रीनं ऑइलचं झाकण काढून चालू इंजिनावर हात धरून पाह्यला, म्हणे "वाफ कमी आहे, बोरला हात लावू नका, जेवढी चालते तेवढी चालवा." पन्नास हजार तिथंच वाचले.

मी मात्र काय करत होतो त्या वेळेस, तर मोबाईलवर बंपर पाहत होतो. लोखंडी मोठा बंपर, छतावर लाईटची पट्टी, चार इंच उचललेली बॉडी. मिस्त्रीनं एका वाक्यात उतरवलं: "भाऊ, लाईट नंतर लावजा, आधी दात पाहू." दात म्हणजे एक्सलमधल्या क्राऊन-पिनियन गिअरचे. आणि तसंही बाहेरून लावलेलं बुलबार प्रकरण नियमात बसत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीची मूळ ठेवण बदलता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. तुमच्या तालुक्यात कोणी पकडत नसेल, पण अ‍ॅक्सिडेंट झाला की इन्शुरन्सवाला सगळ्यात पहिले तेच पाहते.

तर पैसा गेला कुठं, पुढच्या एक्सलमध्ये. चाळीसच्या वर गेली की स्टेअरिंग असं थरथरे की हातातले पानाचे पुडके पडून जाय. सगळे म्हणत अलाईनमेंट कर, बॅलन्सिंग कर. एका टायरच्या दुकानात दोनदा बॅलन्सिंगचे पैसे दिले, काही फरक नाही, तिसऱ्यांदा तो म्हणे आता टायरच बदला. प्रत्यक्षात किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळते त्याचे) बेअरिंग खलास होते. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं की खटखट ऐकू येते, एवढी सोपी तपासणी, गाडी घेतानाच करायची होती. बेअरिंग, सील, टाय रॉडचे एंड, आणि दोन्ही एक्सलच्या हाऊसिंगचं नव्वद नंबर ऑइल बदललं, १७ हजार. ऑइल काढलं तर मागच्यातून चहाच्या रंगाचं दुधाळ पाणी निघालं. कारण ऐकून मजा वाटली: हाऊसिंग चालून चालून गरम होते, थंड नाल्यात बुडली की आतली हवा आकसते आणि जुन्या ब्रीदरमधून (हाऊसिंगच्या हवेच्या भोकातून) पाणी आत ओढून घेते. उपाय काय, ब्रीदरला रबरी पाईप लावून वर चेसिसपर्यंत नेऊन बांधला. दोनशे रुपये. अख्ख्या गाडीत पैसा वसूल झालेलं काम कोणतं असेल तर हे.

ब्रेक चारही ड्रमचे आहेत माझ्या गाडीला. सिलेंडर, शू, मास्टर, पाईप सगळं नवीन, ११ हजार. तरी पाण्यातून निघाल्यावर पहिले पन्नास-साठ मीटर ब्रेक नाहीच समजा, हलका पाय दाबून ठेवत चालवायची, ड्रम सुकले की मग धरते. माझ्या भाच्याला हे सांगायचं राहिलं आणि तो थेट धुऱ्यावरच्या तुरीत घुसला, तुरीचं नुकसान झालं, जीपला काही झालं नाही.

पाटे. इथं सगळे फसतात. उंची पाहिजे म्हणून एक-दोन पाटे जास्तीचे टाकतात, मग गाडी ट्रकसारखी कडक होते, चाक खाली लोंबतच नाही, आणि ज्या खड्ड्यात चारही चाकं टेकायला पाहिजे तिथं दोन हवेत राहतात. हिचे डिफरन्शियल (एक्सलमध्ये दोन चाकांत जोर वाटणारे गिअर) साधे आहेत, लॉक नाही, म्हणून एक पुढचं आणि त्याच्या तिरपं एक मागचं चाक हवेत गेलं की फोर बाय फोर लावलेलं असूनही ती दोनच चाकं गरगर फिरतात आणि गाडी जागेवर. तेव्हा ब्रेकवर थोडा पाय ठेवून हळू रेस दिली की कधी कधी निघते. आम्ही जुनेच पाटे काढून कमान मारून घेतली, तुटलेले दोन बदलले, बुश नवीन, ९ हजार. उंची इंच-दीड इंचच वाढली पण नरम आहे.

आता टायर, आणि ह्यावर मी जास्त लिहिणार कारण इथंच मी स्वतः मूर्खपणा करणार होतो. ५४० चं साईज ६.००-१६. हेच साईज ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला पण येते, म्हणून दुकानदार म्हणे हे घेऊन जा, स्वस्त आहे, मजबूत आहे. दिसायला बसते पण बरोबर! पण त्या टायरवर लांब लांब सरळ धारा असतात, त्या फक्त वळायला असतात, ओढायला नाही. जे चाक इंजिनच्या जोरावर फिरणार त्याला आडव्या नक्षीचं टायर लागते. आणि ट्रॅक्टरचं टायर डांबरी रोडवरच्या स्पीडसाठी बनलेलं नसते. मी आडव्या नक्षीचे जीपचे नायलॉन टायर घेतले, स्टेपनीसकट पाच, ३० हजार. रुंद टायरचा मोह पण होता. रुंद टायर रेतीत चांगलं, आमच्या पांदणीत वरचा चार बोटं गारा म्हणजे चिखल आणि खाली मुरूम आहे, तिथं बारीक टायर गारा कापून मुरमाला जाऊन धरते. हवा कमी करायची तर जरा जपून, आत ट्यूब आहे, जास्तच कमी केली की टायर रिमवर सरकते आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून निघते. मी अठरा पीएसआयच्या खाली नेत नाही.

आणि वावरात? काळ्या मातीत कोणतंच टायर चालत नाही हो. पाऊस पडून गेल्यावर चार-पाच फेऱ्यात नक्षी भरून जाते, टायर गुळगुळीत काळा लाडू होऊन जाते, मग तुमची फोर बाय फोर काय आणि सायकल काय. माती मडगार्डमध्ये भरून चाक जाम झालं होतं एकदा माझं. वाफसा नाही तर वावरात चाक नाही, हे बाबा पहिल्या दिवसापासून सांगत होते. त्यांचं ऐकलं नाही आणि सोयाबीनच्या वावरात गाडी पोटावर बसली, शेवटी बैलजोडीनंच काढली, आणि बैल काढताना बाबा एक शब्द बोलले नाही, नुसतं हसत होते, ते जास्त लागलं.

त्यानंतर जुनं हाताने ओढायचं वायररोपचं मशीन घेतलं, कंस्ट्रक्शनवाले टिरफोर म्हणतात ते, साडेपाच हजारात. इलेक्ट्रिक विंचच्या (मोटरवर वायररोप ओढणाऱ्या मशीनच्या) नादी लागू नका, बॅटरी आणि अल्टरनेटर त्याच्यासाठी वेगळा लागते, मग बजेट गेलं. बांधावर बाभूळ नाहीतर निंब असतेच, त्याच्या बुडाला पट्टा घालायचा आणि दांडा हलवत राहायचा. घाम निघते पण गाडी निघते. सोबत एक जाड फळी ठेवा, नाहीतर चिखलात जॅकच खाली जाते आणि गाडी तिथंच राहते.

रोडवर कशी आहे? चार गिअर, साठच्या वर नुसता आवाज, डिझेल लिटरला दहाच्या आसपास. डांबरी रोडवर फोर बाय फोर काढूनच चालवा, मधात डिफरन्शियल नाही, वळणावर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन दात जातात. पुढच्या चाकांना हब लॉक (चाक एक्सलला जोडायची-सोडायची चकती) आहेत, ते उतरून हाताने फिरवावे लागते, पावसात हे काम करताना शिव्या येतात तोंडात. एकदा परतवाड्यावरून चिखलदऱ्याला नेली, घाटात पूर्ण वेळ दुसरा-तिसरा गिअर, मागं गाड्यांची वरात. बायको म्हणे येताना मी एसटीने येते. आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत तर बसवतच नाही, इंजिनची सगळी गरमी पायावर. रेडिएटर खोलून रॉड मारून घेतला, साडेचार हजार, तेव्हापासून काटा वर जात नाही, माणूस मात्र उकडते.

क्लच, वायरिंग, हूड, पासिंग आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर, हे सगळं त्या २,८५,००० मध्येच धरलं आहे, त्यातले १५ हजार मजुरी. ज्या गॅरेजात काम केलं त्याचं म्हणाल तर हाताला दहा पैकी नऊ, टाईमला दहा पैकी दोन. "परवा देतो" म्हणून दोन महिने लावले, मधात त्याच्या पुतण्याचं लग्न, मग कापसाची वेचणी. पण काढलेला एक एक पार्ट पोत्यात भरून परत दिला, आणि कोणता का बदलला ते हातात धरून दाखवला, मोठ्या शहरात असं कोणी करत नाही.

कोणासाठी नाही हेही सांगतो. रोज पन्नास किलोमीटर रोडवर जायचं आहे, त्यानं घेऊ नये. एक टन माल न्यायचा आहे, त्यानं सरळ पिकअप घ्यावा, हिच्यात आम्ही पंधरा-सोळा कॅरेट आणि दोन माणसं नेतो, बस. ज्याला स्वतः पाना धरायचा कंटाळा आहे त्यानं पण नको, कारण महिन्यातून एक रविवार हिचाच असते.

सध्या मागच्या हबचं सील गळून रायलं, जिथं उभी करतो तिथं खाली खताचं रिकामं पोतं टाकतो. सील अमरावतीवरून बोलावलं आहे, दोनशे ऐंशीचं. मागच्या आठवड्यात नाल्यापलीकडचा एक जण विचारायला आला होता, देता का म्हणे साडेतीन लाखाला. बाबाच मधात बोलले, "ते नाही भेटत, बैल घेऊन जा."