पुणे की नागपूर : स्थायिक होण्यापूर्वी

विदर्भातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात आलेल्या आणि दहा-पंधरा वर्षे इथेच रमलेल्या असंख्य कुटुंबांपुढे कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतो की, आता पुण्यातच कायमचे घर करायचे की नागपूरला परतायचे. तिकडे आई-वडील थकत चाललेले असतात, मुलांची शाळा बदलायचीच असेल तर ती आठवी-नववीच्या आत बदलावी असे वाटत असते, आणि भाड्याच्या घराचा करार दर अकरा महिन्यांनी हाच विषय पुन्हा समोर आणतो. दोन्ही शहरांत राहिलेला आणि दोन्हींविषयी मनापासून आस्था असलेला माणूस म्हणून मी हा आढावा लिहीत आहे. माझे मत प्रारंभीच सांगतो : पुणे माणसाला नोकरीची खात्री देते आणि नागपूर माणसाला वेळ देते. आपल्या कुटुंबाला या घडीला यांपैकी कशाची उणीव अधिक भासते, हे ज्याला नेमके सांगता येईल त्याचा निर्णय बराचसा झालेलाच असतो.

आकाराचा अंदाज आधी घेऊ. २०११ च्या जनगणनेत पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे ३१ लाख, शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये १७ लाख आणि नागपुरात २४ लाख लोक होते. म्हणजे पुणे-पिंपरी मिळून होणारे शहर तेव्हाच नागपूरच्या दुप्पट होते, आणि त्यानंतर ते वाघोली, उंड्री, हिंजवडी, रावेत अशा सर्व दिशांनी वाढत गेले आहे. पुढे ज्या ज्या बाबींची तुलना करायची आहे, त्यांतील बहुतेकांचे मूळ या वाढीच्या वेगात आहे.

नोकरी, आणि त्यानंतरची नोकरी

नागपुरात नोकऱ्या नाहीत, हे विधान आता खरे राहिलेले नाही. विमानतळालगतच्या मिहान या उद्योग प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची कार्यालये आहेत. बुटीबोरी आणि हिंगणा या औद्योगिक वसाहती जुन्या आहेत. कोळसा, स्फोटके आणि संरक्षण उत्पादन या क्षेत्रांत नागपूरचे स्थान देशपातळीवरचे आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय, भारतीय खाण ब्यूरो, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, रिझर्व्ह बँकेचे कार्यालय, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ अशा संस्थांमुळे सरकारी अधिकारी, शास्त्रज्ञ, वकील आणि कंत्राटदार यांच्यासाठी हे शहर पूर्वीपासून भक्कम आहे. डॉक्टरांचे तर विचारूच नये, कारण मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे रुग्णही उपचारांसाठी नागपूरलाच येतात.

अडचण पहिल्या नोकरीची नसून दुसरीची आहे. माहिती तंत्रज्ञान, वाहन उद्योग, औषधनिर्मिती किंवा वित्तसेवा या क्षेत्रांत काम करणाऱ्याला पुण्यात एक कंपनी सोडावी लागली, तर हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, चाकण, तळेगाव, रांजणगाव इतक्या ठिकाणी चौकशी करता येते आणि त्यासाठी घर बदलावे लागत नाही. नागपुरात तीच वेळ आली, तर पर्यायांची यादी फार लवकर संपते आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला पुन्हा पुण्याची किंवा हैदराबादची गाडी धरावी लागते. पती-पत्नी दोघेही नोकरी करणारे असतील तर हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण एकाला मिहानमध्ये बदली मिळते आणि दुसऱ्याला, बहुधा दुसरीला, आपल्या अनुभवाला साजेसे काम मिळत नाही. परतलेल्या कुटुंबांत हा त्याग अनेकदा स्त्रीच्या वाट्याला येतो आणि त्याची चर्चा निर्णयापूर्वी पुरेशी होत नाही, हे मला मनाला लागते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, नागपूरचा विचार करताना घरातील दोन्ही व्यक्तींच्या कामाचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा, आणि घरून काम करण्याची मुभा केवळ सध्याच्या वरिष्ठांच्या शब्दावर आहे की लेखी अटींत आहे, हेही तपासावे.

रस्त्यावर जाणारा वेळ

टॉमटॉमच्या २०२४ सालच्या वाहतूक निर्देशांकात जगातील सर्वांत संथ शहरांमध्ये पुणे चौथे होते. शहरात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून अधिक वेळ लागतो, असे त्यात नोंदवले गेले. सरासरीच्या या आकड्यात रात्रीचे मोकळे रस्तेही धरलेले असतात, त्यामुळे सायंकाळी सहा वाजता हिंजवडीहून कोथरूडकडे निघालेल्या माणसाला तो आकडा उदार वाटेल. नागपुरात प्रतापनगरहून मिहान किंवा सदरहून हिंगणा गाठायला साधारण अर्धा ते पाऊण तास पुरतो, आणि जुन्या भागातील इतवारी-महाल वगळता गर्दीच्या वेळेतही त्यात फार फरक पडत नाही. हा फरक दिवसाला दीड-दोन तासांचा धरला, तरी आठवड्याला एक पूर्ण कामाचा दिवस होतो. त्या वेळेत मुलांचा अभ्यास, आई-वडिलांना दवाखान्यात नेणे, स्वतःचे चालणे-फिरणे या सगळ्या गोष्टी बसतात.

मेट्रो दोन्हीकडे आहे. नागपूरची मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिचा पहिला टप्पा पूर्ण झाला. सीताबर्डीला दोन्ही मार्गिका एकमेकींना छेदतात आणि खापरीपर्यंतची मार्गिका वर्धा रोडवरच्या वस्त्यांना उपयोगी पडते. पुण्याची मेट्रो मार्च २०२२ मध्ये धावू लागली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती भुयारी मार्गाने स्वारगेटला पोहोचली. पुण्यात घर शोधणाऱ्याने मेट्रो स्थानकापासून पायी किती वेळ लागतो, ही अट पहिल्या तीन अटींत ठेवावी. नागपुरात तिची तितकी निकड नाही. तिथे दुचाकी आजही सर्वांत सोयीचे वाहन आहे, अर्थात उन्हाळ्याचे दिवस सोडून.

ऊन

नागपूरच्या बाजूने बोलणारे लोक उन्हाळ्याचा विषय दोन वाक्यांत संपवतात, आणि ते योग्य नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणे ही तिथली नेहमीची स्थिती आहे, आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या, दिवसांत ४५ अंश ओलांडले तरी कोणाला नवल वाटत नाही. २०१३ च्या मे महिन्यात तिथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. दुपारी अकरा ते पाच बाहेरची कामे टाळावी लागतात आणि विदर्भातील शाळाही याच कारणाने राज्यातील इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. हवा कोरडी असल्यामुळे कूलर उत्तम काम देतो. पण जूनमध्ये हवेत दमटपणा आला की तोच कूलर निरुपयोगी ठरतो आणि पाऊस स्थिरावेपर्यंतचे दिवस सर्वांत त्रासाचे जातात. लहान मूल, हृदयविकाराचा रुग्ण किंवा पुण्यातच वाढलेले वृद्ध घरात असतील, तर वातानुकूलन यंत्र आणि त्याचे वीजबिल हा चैनीचा खर्च मानता येणार नाही.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि नागपूर ३१० मीटरवर आहे. पुण्याला सह्याद्रीचे सान्निध्य आहे. एप्रिल-मे मध्ये पुण्यातही चाळीशी गाठली जाते, परंतु बहुतेक रात्री निवतात आणि जूनच्या मध्यापासून चार महिने हवा खरोखर सुखाची असते. हवामान या एका मुद्द्यावर पुणे निर्विवादपणे सरस आहे. नागपूरची थंडी मात्र अधिक खरी असते, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला काळ ज्याने अनुभवला त्याला तो पुण्यातही आठवतो.

पाणी आणि घर

पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून पाणी मिळते. त्यांची एकत्रित क्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, आणि त्यातूनच दौंड-इंदापूरकडच्या शेतीलाही पाणी द्यावे लागते. कोथरूड, सदाशिव पेठ, औंध अशा जुन्या भागांत पाण्याची चिंता फारशी नसते. परंतु २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, आणि नळाचे पाणी व सांडपाण्याच्या वाहिन्या त्या वेगाने तिथे पोहोचल्या नाहीत. वाघोली, बावधन, उंड्री, धायरी या परिसरांतील अनेक सोसायट्या टँकरवर चालतात आणि तो खर्च मासिक देखभाल शुल्कात मिळवला जातो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता आणि नांदेड गाव-किरकटवाडी परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा दूषित पाण्याचा प्रश्न साऱ्या राज्यासमोर आला. सदनिका पाहायला जाल तेव्हा नमुना घराची सजावट पाहण्याआधी त्या इमारतीत वर्षभर राहिलेल्या कुटुंबाला गाठून, एप्रिल महिन्यात दररोज किती टँकर येतात, हे विचारावे.

नागपूरला पेंच प्रकल्प आणि कन्हान नदी यांचे पाणी आहे. चोवीस तास पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवून २०१२ पासून खासगी भागीदारीतून योजना राबवली गेली. प्रत्येक वस्तीत तिचे यश सारखे नाही, तरी धरमपेठ, बजाजनगर, रामदासपेठ या मध्यवर्ती भागांतील पुरवठा समाधानकारक म्हणावा असा आहे. शहराच्या हद्दीला लागून वाढलेल्या बेसा-पिपळासारख्या भागांत मात्र पुण्याच्या समाविष्ट गावांचीच गोष्ट घडते आहे.

घराच्या बाबतीत दोन शहरांची रीतच वेगळी आहे. पुण्यात सदनिका हाच बहुतेकांपुढील पर्याय आहे. नागपुरात अजूनही मध्यमवर्गीय कुटुंब प्लॉट घेऊन स्वतःचे घर बांधते, आणि बाणेर किंवा कोथरूडच्या टू बीएचकेच्या रकमेत मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, मानेवाडा या भागांत चांगली मोठी जागा होऊ शकते. पुढे अंगण, वरच्या मजल्यावर आई-वडील, असा संसार ज्यांना हवा आहे त्यांच्यासाठी हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. मात्र लेआउट अधिकृत आहे का, नागपूर सुधार प्रन्यासचे आर.एल. (रिलीज लेटर) पत्र आहे का, जमीन अकृषिक झाली आहे का, याची शहानिशा वकिलाकडून करून घ्यावी. ओळखीच्या माणसाने दिलेला शब्द इथे पुरेसा धरू नये. शिवाय नाल्याची आणि तलावाची जागा पाहावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तसेच पुण्यात २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने आणि जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत मुठेने केले. या घटनांत प्रतिष्ठित वस्त्याही सुटल्या नाहीत.

शिक्षण, उपचार, प्रवास

पदवीपर्यंतच्या शिक्षणात आता पूर्वीइतके अंतर राहिलेले नाही. नागपुरात व्हीएनआयटी हे अभियांत्रिकीचे राष्ट्रीय महाविद्यालय आहे, २०१५ मध्ये आयआयएम आले, एम्स आहे, ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ ही दोन जुनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पुण्यात मात्र पर्यायांची विविधता कितीतरी मोठी आहे : विज्ञानासाठी आयसर, अर्थशास्त्रासाठी गोखले संस्था, चित्रपट संस्था, विधी, कला, भाषा, रचनाकला. मुलाचा कल रूढ वाटांबाहेरचा असेल तर पुण्याचा उपयोग अधिक. उपचारांच्या बाबतीत दोन्ही शहरे सक्षम आहेत, आणि त्या कारणासाठी कोणी शहर बदलावे असे मला वाटत नाही.

प्रवासाचे चित्र झपाट्याने बदलले आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या अजनी स्थानकातून पुण्याला जाणारी वंदे भारत सुरू झाली. ती सुमारे बारा तासांत पोहोचवते. तरीही दिवाळीच्या सुमारास पुणे-नागपूर तिकिटासाठी होणारी धडपड आणि खासगी बसचे चढे दर ज्यांनी सोसले आहेत, त्यांना आई-वडिलांपासून दूर राहण्याची किंमत वेगळी सांगायला नको. रात्री अपरात्री फोन आला तर त्या वेळी विमान असेलच असे नाही.

रोजचे जगणे

पुण्यात नाटक, संगीत, व्याख्याने, ग्रंथालये आणि टेकड्या यांची जी समृद्धी आहे, तिला महाराष्ट्रात तोड नाही. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव हे तिचे केवळ एक रूप आहे. वेताळ टेकडी किंवा तळजाईवर पहाटे चालणाऱ्याला हे शहर का सोडवत नाही, ते मला चांगले समजते. नागपूरचा स्वभाव निराळा आहे. १९५६ पर्यंत ते मध्य प्रांताच्या आणि नंतर मध्य प्रदेशच्या राजधानीचे शहर होते, त्यामुळे बाजारात हिंदी सहज बोलली जाते आणि मुलांच्या तोंडीही ती येते. दीक्षाभूमीवर दसऱ्याला लोटणारा जनसागर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत ही पुतळ्यांची मिरवणूक, मुलांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा, ही शहराची स्वतःची परंपरा आहे. शेजारी न सांगता घरी येतात, आणि ज्याला एकांत प्रिय आहे त्याला आरंभी हे जड जाते. शनिवार-रविवारी पुणेकर कोकणात किंवा गडांवर जातो. नागपूरकराला पेंच आणि ताडोबाची जंगले दोन-तीन तासांवर आहेत.

आता निवडीविषयी. पंचविशीतील तरुणाने, तो नागपूरचा असला तरी, पहिली दहा वर्षे पुण्यात काढावीत असे मी निःसंकोच सांगेन. स्वतःचा व्यवसाय, वकिली, वैद्यकी किंवा केंद्र सरकारची नोकरी असलेल्यांनी नागपूर निवडावे. दोघांच्याही नोकऱ्या खासगी क्षेत्रात असतील आणि घरकर्ज अर्धेअधिक बाकी असेल, तर परतण्याची घाई करू नये. कर्ज फिटले असेल, निदान एकाचे उत्पन्न शहरावर अवलंबून नसेल आणि आई-वडील नागपुरात एकटे असतील, तर मात्र आणखी दोन-तीन वर्षे थांबून काही हाती लागणार नाही.

जाण्याचे ठरल्यावरही पुण्यातील घर लगेच विकू नये. ते भाड्याने द्यावे, नागपुरात आधी भाड्याचे घर घ्यावे, आणि शक्य असल्यास ते एप्रिलच्या प्रारंभी घ्यावे, म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतच तिथला सर्वांत कठीण ऋतू घरातल्या प्रत्येकाच्या अंगावरून जाईल आणि शाळा उघडण्यापूर्वी मुलांचा वस्तीशी परिचयही झालेला असेल. प्लॉट किंवा सदनिकेची बोलणी त्यानंतरचा पावसाळा पाहून करावीत.