यीस्टची डीएनए चाचणी: आयटीएस की इंटरडेल्टा?

चिकोडी, अथणी, रायबाग पट्ट्यातल्या डिस्टिलरीत फर्मेंटेशन रेंगाळलं की पहिला संशय यीस्टवर. पुण्या-बंगळूरच्या लॅबला विचारलं तर बहुधा आयटीएस सिक्वेन्सिंग (डीएनएच्या आयटीएस नावाच्या एका तुकड्यातली अक्षरं वाचणं) सुचवतात. रिपोर्ट येतो: सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. अहो, ते तर पाकिटावरच छापलेलं असतं! आयटीएसवरून प्रजाती कळते; स्ट्रेन, म्हणजे त्या प्रजातीतला नेमका वाण, कळत नाही. पावाचं, एल बिअरचं आणि मोलॅसिसवरचं यीस्ट, तिन्हींचा हा तुकडा साधारण 850 ते 880 बेसचा (अक्षरांचा) आणि जवळपास सारखाच. पिचिया किंवा कॅन्डिडासारखं परकं यीस्ट शिरलंय का, एवढंच पाहायचं असेल तर ठीक.

स्ट्रेन ओळखायला मागवायची ती इंटरडेल्टा पीसीआर; पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढणं. टीवाय रेट्रोट्रान्सपोझॉनच्या (स्वतःच्या प्रती डीएनएत इतरत्र घुसवणाऱ्या तुकड्याच्या) दोन्ही टोकांना असणारे डेल्टा तुकडे जीनोमभर विखुरलेले असतात आणि त्यांच्या जागा स्ट्रेननुसार बदलतात. शेजारच्या दोन डेल्टांमधला भागाच्या प्रती वाढवल्या की जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) त्या स्ट्रेनचा पट्ट्यांचा नमुना उमटतो. ऑर्डर देताना प्रायमर (कोणता भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) कोणते, ते लेखी विचारा. 2003 साली आलेली डेल्टा 12–डेल्टा 21 जोडी जुन्या डेल्टा 1–2 पेक्षा जास्त पट्टे देते, म्हणजे फरक जास्त दिसतो.

मात्र ही चाचणी नाजूक आहे. डीएनए कमी-जास्त झालं की फिकट पट्टे दिसतात नि गायब होतात. अ‍ॅनिलिंगचं म्हणजे प्रायमर डीएनएला चिकटण्याचं तापमान फक्त 46 अंश सेल्सिअस, त्यामुळे प्रायमर नको तिथेही चिकटू शकतो. म्हणून जुन्या जेलच्या फोटोशी ताडून दिलेला निकाल स्वीकारू नका. मास्टर कल्चर (जपून ठेवलेलं मूळ यीस्ट) आणि फर्मेंटरमधलं यीस्ट एकाच जेलवर शेजारी-शेजारी हवं, प्रत्येकाचं डीएनए दोनदा वेगळं काढून, सारख्या प्रमाणात घेऊन. न सांगता हे कोणी करेल या भरवशावर राहू नका.

नमुन्याची निम्मी जबाबदारी आपली. वॉश (फर्मेंटरमधला आंबत असलेला द्रव) थेट पाठवला तर मिश्रणाचे पट्टे येतात, ते कोणालाच वाचता येत नाहीत. वॉश दहा-दहा पट विरळ करत न्या आणि प्लेटवर सुट्या वसाहती येतील तो टप्पा निवडा. माध्यम डब्ल्यूएलएन अगर (यीस्टच्या वसाहती रंगावरून वेगळ्या दाखवणारं), बॅक्टेरिया दाबायला लिटरमागे 100 मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल. रंग-आकार वेगळा दिसेल अशा दहा-बारा वसाहती स्क्रू-कॅप स्लँटवर (तिरक्या गोठवलेल्या अगरच्या नळीत) घ्या. कापसाच्या बोळ्याचे स्लँट एप्रिल-मेच्या पार्सलमध्ये गळतात. थर्माकोल आणि आइस पॅक लागतोच.

पट्टे वेगळे आले तर स्ट्रेन वेगळा. सारखे आले तर मात्र ‘वेगळेपण दिसलं नाही’ एवढंच म्हणता येतं; जवळच्या नात्यातले व्यावसायिक स्ट्रेन असे फसवतात. तिथे मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींची लांबी मोजणारी) चाचणी मागवा.