सहाजण मासे खायला निघालेत: मालवणी खानावळ की फोर्टातलं मंगळुरी हॉटेल?

‘शुक्रवारी मासे खायला जाऊया’ असं कुणी ग्रुपवर टाकलं की आमच्यात लगेच दोन पक्ष पडतात. एकाला दादरला जाऊन थाळी हवी असते, दुसऱ्याला फोर्टात मंगळुरी हॉटेलात निवांत बसायचं असतं. बारा-तेरा वर्षांत दोन्हीकडे पोटभर जेवून झालंय, म्हणून ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मासा कुठला ताजा, या वादात पडू नका. चांगल्या ठिकाणी दोघांचाही मासा बहुधा ससून डॉक नाहीतर भाऊच्या धक्क्यावरूनच आलेला असतो. खरा फरक दोनच गोष्टींचा. किती वेळ बसायला मिळणार, आणि बिल प्रत्येकाच्या खिशाला झेपणार का.

आधी खानावळ. दादरचं सिंधुदुर्ग, चैतन्य किंवा वांद्र्याला गांधीनगरमधलं हायवे गोमंतक या जातीची ठिकाणं. (गोमंतकी आणि मालवणी हातात फरक आहे, पण आजच्या निर्णयापुरती ती एकाच बाजूला धरतो.) इथे ताट येतं: एक तळलेली तुकडी, वाटीत कालवण, बाजूला तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) किंवा सुकटीचं काहीतरी, चपाती, भाकरी किंवा वडे, भात आणि सोलकढी. सुरमई, पापलेट, बांगडा, बोंबील, ज्याला जे हवं ते त्याने सांगायचं. दर पाटीवर लिहिलेला असतो.

ताट आलं की मी आधी सोलकढी बघतो. नारळाचं दूध ताजं असेल तर रंग फिका गुलाबी, किंचित जांभळट दिसतो आणि ओल्या लसणीचा वास वर येतो. वर घट्ट थर आणि खाली पाणी असं फाटलेलं दिसलं तर ती बराच वेळ काढून ठेवलेली आहे. सोलकढी नीट असेल तर कालवणही त्याच हाताने नीट झालेलं असतं, हा माझा अनुभव आहे. दुसरी गोष्ट बोंबलाची. ओला बोंबील चिरून, वजनाखाली दाबून, त्यातलं पाणी काढून मग रव्यात घोळवतात. कढईतून निघाल्यावर जेमतेम पाच मिनिटं तो कुरकुरीत राहतो, मग स्वतःच्याच ओलाव्याने मऊ पडतो. म्हणून ताटात बोंबील असेल तर आधी तो खा, गप्पा नंतर.

गप्पांना मात्र इथे वेळ कमी. दुपारी एकनंतर गेलात तर बाहेर रांग असते, टेबल अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यावं लागतं, आणि तुमचा भात संपत आला की पुढचा माणूस खुर्चीमागे येऊन उभा राहतो. तो उभा राहिला की बोलणं तुटतंच. सहाजणांना एका टेबलावर जागा मिळणं तर नशिबाचा भाग. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खायचे वार, तेव्हा गर्दी जास्त. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला निम्मे मित्र मासे खात नाहीत, आणि काही खानावळी तर गुरुवारी बंदच असतात. त्यामुळे मंगळवारी दुपारी बारा-सव्वाबाराला पोचलात तर चौघं सुखाने जेवू शकता.

आता मंगळुरी. फोर्टातली महेश लंच होम, अपूर्वा आणि काळा घोड्याचं त्रिशना ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. इथे ताट नाही, मधोमध ताटल्या येतात आणि सगळे त्यातून वाढून घेतात. गस्सी म्हणजे नारळाचं दाट, लालभडक कालवण. त्याला रंग ब्याडगी मिरचीचा, त्यामुळे दिसतं तितकं ते झणझणीत नसतं. मालवणी कालवणात आंबटपणा कोकमाचा असतो, तो घास संपत आल्यावर मागून जाणवतो. इथे चिंच असते, ती पहिल्या घासालाच पुढे येते. कुणाला हे आवडेल, कुणाला ते. मला रावस गस्सीबरोबर नीर डोसा फार प्रिय आहे. तांदळाचं पाण्यासारखं पातळ पीठ, आंबवायचं नाही, तव्यावर ओतलं की जाळी पडते. तो कालवण असं शोषून घेतो की चपाती तिथे कोरडी वाटते. मेनूवर ‘काणे’ दिसलं तर घाबरू नका, ती आपली मुडदुशी. रवा लावून तळलेली मुडदुशी इथे अवश्य मागवा. बटर गार्लिक खेकडा हा मात्र हॉटेलांनी वाढवलेला पदार्थ, मंगळुरी घरातला नव्हे. त्यात खेकड्याची स्वतःची गोडी लोण्याखाली दबते. खेकडा खायचाच असेल तर सुका, म्हणजे रस्सा नसलेला, मागवा.

आणि खेकड्यापाशीच बिलाचा प्रश्न येतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सहाजण एका हॉटेलात गेलो होतो. मेनूवर खेकड्यापुढे दर नव्हता, ‘साइजप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं. कुणीतरी उत्साहात दोन सांगितले, वेटरने मान डोलावली आणि गेला. बिल आलं तेव्हा दोन खेकड्यांची रक्कम बाकीच्या सगळ्या जेवणापेक्षा जास्त होती. आमच्यातल्या एकाची नोकरी त्याच महिन्यात गेली होती, आणि हे आम्हाला माहीत होतं. बिल सहा भागांत वाटलं गेलं. तो काही बोलला नाही. पाकिटातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि ठेवल्या. पुढच्या दोन बैठकांना तो आला नाही. दोष हॉटेलचा होताच, दर आधी सांगायला हवा होता. पण विचारायचं काम आमचंही होतं, आणि ते न केल्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी जिवंत खेकडा टेबलाशी आणायला सांगतो, समोर वजन करून घेतो आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने विचारतो. आकाराच्या मानाने हाताला जड लागला तर भरलेला. अमावस्येच्या आसपास कुर्ल्या भरलेल्या असतात असं कोकणात म्हणतात, आणि आमची आई तर त्याच हिशेबाने बाजाराला जायची. पापलेट आणि लॉब्स्टरचंही वजन आणि दर असाच आधी विचारून घ्या. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावलेला दिसला तर काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 सालीच तो ऐच्छिक असल्याचं स्पष्ट केलं आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते उचलून धरलं. 5 टक्के जीएसटी मात्र भरायचाच.

म्हणून निवडीचा माझा पहिला प्रश्न हा: तुमच्या सहांपैकी सध्या कुणाचा हात आखडलेला आहे का? असेल तर खानावळ. तिथे प्रत्येकाचा आकडा बसण्याआधीच ठरलेला असतो. बांगड्याची थाळी घेणारा आणि पापलेटची घेणारा शेजारी शेजारी जेवतात, आणि ज्याचे पैसे त्याने दिले तर कुणाला काही वाटत नाही. वाटून खायच्या टेबलावर असं करता येत नाही.

ऋतूचाही विचार करा. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मेनूवरचं पापलेट बर्फातलं असण्याची शक्यता जास्त. तेव्हा मी खानावळच निवडतो, कारण सोडे, सुकट, जवळा हे सुकं तिथे मनापासून रांधलं जातं, आणि पावसात खाडीच्या चिंबोऱ्याही (खेकडे) मिळतात.

बरोबर शाकाहारी कुणी असेल तर फोर्ट बरं, तिथे निवड मोठी असते. खानावळीत काळ्या वाटाण्याचं सांबारं मिळालं तर छानच, पण एकाच लहान खोलीत सगळीकडे माशांचा दरवळ असतो, तो सगळ्यांना सोसत नाही. कुणाला कोळंबीची ॲलर्जी असेल तर दोन्हीकडे स्पष्ट विचारा, कारण जवळा कशात घातलाय हे दिसून कळत नाही. आणि पहिल्यांदाच मासे खाणारा मित्र असेल तर कुठेही न्या, पण त्याला सुरमई सांगा. मधला काटा काढला की तुकडी मोकळी. तारली किंवा बांगड्यापासून सुरुवात केली तर तो काटे वेचण्यातच दमून जाईल.

चौघांपर्यंत आणि दुपार असेल तर मी डोळे झाकून खानावळ म्हणेन. सहा-सात जण, संध्याकाळ, बऱ्याच दिवसांनी भेटताय आणि बोलायला खूप साठलंय, तर फोर्ट, टेबल आधी फोन करून सांगून. सहांसाठी आमची ऑर्डर ठरलेली आहे: दोन ताटल्या मुडदुशी रवा फ्राय, एक रावस गस्सी, एक बांगडा पुळीमुंची (चिंच-मिरचीचं आंबट-तिखट कालवण), बारा नीर डोसे, शेवटी दोन साधे भात. बोंबील घेतले तर ते एकदम मागवायचे नाहीत. एक ताटली संपली की दुसरी सांगायची, म्हणजे शेवटच्यालाही कुरकुरीत मिळतो.