सातवी-आठवीला जिद्दीचं पुस्तक: श्यामची आई, तोत्तोचान की झोंबी?

आपल्याकडे विदर्भात शाळा उशिराच उघडतात, जून संपत आलेला असतो तरी पंखे गरम हवाच फेकत असतात, आणि पहिल्याच स्टाफ मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच की यंदा पोरांना जिद्द-बिद्द शिकवणारं एक अख्खं पुस्तक घ्या बाप्पा, एका युनिट टेस्टला मार्क कमी पडले की दोन दिवस तोंड पाडून बसतात. मग सगळे मराठीवालीकडे बघतात. ती मराठीवाली मी. तीन वेगवेगळ्या वर्षी ही तीन पुस्तकं सातवी-आठवीला घेऊन झालीत, दोनदा हात पोळले, म्हणून ज्यांना यंदा ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहून राहिले.

आधी आपला वर्ग बघा. नागपुरात पोरं घरी हिंदी, नाहीतर हिंदी मिसळलेली आपली नागपुरी बोलतात, आणि 2020 च्या कायद्यानं मराठी सगळ्याच बोर्डांना सक्तीची झाल्यापासून सीबीएसईच्या वर्गात असेही बसतात ज्यांनी मराठीत धड्यापलीकडे काही वाचलेलंच नाही. त्यामुळे 'थोर पुस्तक आहे' एवढ्यावर काही ठरत नाही. मी एकच गोष्ट बघते, पोर पडतं तेव्हा त्याच्या बाजूला कोण उभं असतं. कारण वर्गातलं प्रत्येक पोर मनातल्या मनात ते आपल्या घराशी ताडून बघतं, आपण विचारा की नका विचारू.

श्यामची आई सगळ्यात आधी सुचतं, साहजिक आहे. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, धडे नाहीत तर 42 रात्री आहेत, म्हणजे सहा-सात निवडून घ्यायची सोय आयतीच. मी पोहण्याची रात्र घेतली. श्याम विहिरीत उतरायला भितो, लपून बसतो, आई त्याला शोधून काढते आणि फोकानं मारत बाहेर हाकलते. नंतर तो पोहून आल्यावर वळ बघून तिचाच जीव कळवळतो. मला वाटलं होतं पोरं भारावतील. पण मागच्या बाकावरचा एक जण उठला आणि म्हणाला, मॅडम, मारून पाण्यात पाठवलं तर तो शूर कसा झाला, त्याला आईची जास्त भीती वाटली एवढंच ना. वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही, खरं सांगते, आणि पुढचे दोन तास ह्याच्यावरच गेले, जे सगळ्या वर्षातले सगळ्यात चांगले तास होते. तरी पूर्ण पुस्तक सातवीला नको असं माझं मत झालं. कोकणातलं शंभर वर्षांपूर्वीचं घर, सोवळं-ओवळं, सावकारी, प्रत्येक पानाला थांबून अर्थ सांगावा लागतो आणि रडायच्या जागी पोरं शब्दार्थ लिहून घेत बसतात. शिवाय शेवटी आई जाते. माझ्या वर्गात त्या वर्षी एक मुलगी होती जिची आई आदल्याच वर्षी गेली होती आणि मला ते अर्ध्यात कळलं. ही चूक माझी, आधी वर्गशिक्षिकेला विचारायला पाहिजे होतं.

झोंबीबद्दल मी जरा हळवी आहे, हे आधीच सांगते. आनंद यादवांचं 1987 चं पुस्तक, 1990 चा साहित्य अकादमी मिळालेलं. कागलकडचं शेतकरी पोरगं, बापाला त्यानं शेतात राबायला पाहिजे, त्याला शाळेत जायचंय. बाप शाळेला हो म्हणतो ते कसं, तर सकाळी अकरापर्यंत शेतावर काम, मग शाळा, सुटल्यावर तासभर गुरं चारायची, आणि काम जास्त असलं तर शाळेला दांडी. ह्या अटी मी फळ्यावर लिहिल्या आणि म्हटलं, आता तुमचं टाइमटेबल बाजूला लिहा. ट्यूशन, क्रिकेट कोचिंग, मोबाईल असं सगळं निघालं, आणि एका पोरानं शांतपणे लिहिलं, पाच ते आठ बाबांच्या ठेल्यावर. कोणाला माहीतच नव्हतं. झोंबीशिवाय ते कळलंही नसतं. पुस्तकातल्या पोराचा शाळेत पहिल्या दिवशी एक टवाळ पोरगा गमछा ओढून टिंगल करतो, आपण ज्याला दुपट्टा म्हणतो तोच, ती जागा तर सातवीच्या पोरांना समजवावी लागतच नाही.

पण पुस्तक जाडजूड आहे, भाषा कोल्हापूरकडची, जी मलाच दोनदा वाचावी लागते, आणि बापाचा मार, शिव्या, उपास हे सलग वाचलं की बारा वर्षांच्या पोराला दम लागतो. उपाय एक आहे. सीबीएसईच्या बारावीच्या हिंदीत ह्यातलाच भाग 'जूझ' नावानं आहे, कित्येकांच्या दादा-ताईंकडे घरी ते पुस्तक असतं. मी तो हिंदी भाग आधी वाचून घ्यायला सांगितला आणि मग त्याच जागा मराठीत काढल्या. हिंदीवाली पोरं पहिल्यांदाच मराठीच्या तासाला पुढे बसली. सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन शिकवतात आणि मग हा पोरगा शेतात पाणी देता देता कविता म्हणायला लागतो, एकटेपणा खुपेनासा होतो, तिथपर्यंत नक्की न्या. तिथे थांबलं तरी चालतं.

तोत्तोचान. तेत्सुको कुरोयानागींच्या स्वतःच्या आठवणी, जपानीत 1981 मध्ये आलेल्या, मराठीत नॅशनल बुक ट्रस्टनं काढलंय. काटेकोर बोलायचं तर कादंबरी नाही, पण पोरांना काय फरक पडतो. पहिल्या शाळेनं काढून टाकलेली मुलगी, आणि रेल्वेच्या डब्यांत भरणारी दुसरी शाळा. दोन-तीन पानांची प्रकरणं, पस्तीस मिनिटांच्या तासात एक वाचून त्यावर भांडूनही होतं. आम्ही नागपुरातच मोतीबागला नॅरोगेज रेल्वेच्या संग्रहालयात पोरं नेली, जुना डबा दाखवला, म्हटलं ह्यात तुमचा वर्ग भरला तर कुठे बसाल. खिडकीवरून जी मारामारी झाली ती सांगायला नको. त्या दिवशीच्या तीस-पस्तीस निबंधांत एकही 'माझी शाळा फार सुंदर आहे' नव्हता.

आणि यासुआकी. पोलिओ झालेला मुलगा, त्याला झाडावर चढवायचं म्हणून तोत्तोचान शिडी ओढत आणते, तिनं जमत नाही, मग घडीची शिडी आणते, ढकलते, ओढते, दोघंही घामाघूम. पोरांना हे कळतं कारण इथे कोणी भाषण देत नाही. पुढे तो मुलगा जातो, आणि 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यात शाळाच जळते, मुख्याध्यापक कोबायाशी जळणारी शाळा बघत उभे राहतात आणि म्हणतात, पुढची शाळा कशी काढायची? हे वाचल्यावर वर्ग इतका गप्प झाला की बाहेरच्या ऑटोचा हॉर्न तेवढा ऐकू येत होता. एवढंच आहे की तोत्तोचानच्या शाळेसारखी शाळा आपली नाही, आणि हुशार पोरं ते तोंडावर म्हणतात. म्हणू द्या.

व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडीही कोणी सुचवेल. सुरेख आहे, पण गोष्ट तरुण मास्तराच्या नजरेतून आहे, नववीला ठेवा.

तर मी काय करीन: सहावी-सातवीला तोत्तोचान पूर्ण. आठवीला झोंबीतला निवडलेला भाग, जूझच्या आधारानं, दिवाळीनंतर, कारण तोवर कोणाच्या घरी काय चालू आहे हे आपल्याला कळलेलं असतं. श्यामची आईतली पोहण्याची एक रात्र कुठल्याही वर्गाला. पूर्ण घेणार असाल तर पिक्चर आधी दाखवू नका, अत्र्यांचा 1953 चा दाखवला की नंतर पुस्तक कोणी उघडतच नाही.

पैशाचं बोलायचं तर गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे श्यामची आईवर आता कॉपीराइट नाही, नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात स्वस्त आवृत्त्या मिळतात आणि झेरॉक्स काढली तरी हरकत नाही. बाकी दोन्हींचं तसं नाही, तिथे चार पोरांत एक प्रत घ्या आणि मोठ्यानं वाचायला लावा. आणि 'या पाठातून आपणांस काय बोध मिळतो' हा प्रश्न परीक्षेत टाकायचा आग्रह सुपरवायझर धरतील, तेव्हा माझं नाव सांगू नका.